दहा जणांनी मिळून बुद्धिबळाचं एक पुस्तक लिहायचं, तर

पहिल्या पंधरवड्यात आमच्याकडे सिसिलियन बचावावर तीन पानं तयार झाली, किंग्ज इंडियनवर एक (दोन्ही डाव सुरू करण्याच्या ठरलेल्या पद्धती), आणि घोडा कसा चालतो यावर एकही नाही. सगळे हौशी, सगळे चांगले खेळणारे, आणि प्रत्येकाने आपल्याला आवडतं ते लिहून टाकलं. राजा-प्याद्याचा शेवट कुणालाच नको होता. कॅसलिंगचे, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवण्याचे, नियम तर "ते काय, सगळ्यांना माहीत असतात" म्हणून राहून गेले.

मराठीत बुद्धिबळाचं मुक्त, ऑनलाइन पाठ्यपुस्तक लिहायला निघालेल्या कुठल्याही गटाचं पहिल्यांदा असंच होतं. ज्ञान कमी पडत नाही, क्रम कमी पडतो. पुढे जे सांगतोय ते आमच्या चुका आणि दुरुस्त्यांमधून आलेलं आहे. विकिबुक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण बरंचसं कुठेही लागू पडेल.

## आधी वाचक, मग अनुक्रमणिका, मग पानं

विकिबुक्स हा विकिमीडियाचा प्रकल्प १० जुलै २००३ रोजी सुरू झाला, तो पाठ्यपुस्तकांसाठीच. विकिपीडियाच्या शेजारी तो वेगळा का लागला, हे नव्या स्वयंसेवकाला नीट समजावून सांगावं लागतं. विश्वकोशातला 'घोडा' हा लेख कुणीही, कधीही, मधूनच उघडून वाचतो. पाठ्यपुस्तकातलं 'घोडा' हे पान वाचणाऱ्याने आधी हत्ती आणि उंट वाचलेले असतात, आणि दुहेरी हल्ला म्हणजे काय हे त्याला अजून ठाऊक नसतं. लिहिणाऱ्याला ही रांग दिसली पाहिजे.

म्हणून पहिल्या बैठकीत एकच प्रश्न सोडवा: वाचक कोण? आम्ही ठरवलं, मराठी वाचता येणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, घरात पट आहे, शिकवणारं कुणी नाही. एवढं ठरल्यावर निम्मे वाद आपोआप मिटले.

मग अनुक्रमणिकेचं एकच पान करा आणि प्रत्येक प्रकरणापुढे एक ओळ लिहा: 'हे वाचण्याआधी काय यायला हवं?' ही ओळ लिहिताना पुस्तकाची भोकं दिसतात. आमच्या 'मागच्या रांगेवरची मात' या पानाआधी 'मात' हे पानच नव्हतं, होतं ते फक्त 'शह'. अनुक्रमणिका पुरी होईपर्यंत कुणीही पान लिहायचं नाही, असा नियम कडक वाटेल, पण तो पाळा. आठ-दहा दिवस पुरतात.

वाटणी करताना एक युक्ती उपयोगी पडते: आवडतं एक पान, नावडतं एक पान. ज्याला नायडॉर्फ (सिसिलियनचाच एक प्रकार) लिहायचंय त्याने सोबत 'स्टेलमेट' (शह नसताना एकही खेळी न उरल्याने होणारी बरोबरी) लिहायचं. पहिल्या दिवशी कुरकुर होते. पण आमच्या पुस्तकातलं सगळ्यात वाचनीय पान नाइलाजाने लिहिलेलं आहे, हत्ती विरुद्ध एकटा राजा.

## शब्द ठरवणं: इथे घाई नको

पहिला शब्द पुस्तकाच्या नावातच आहे. बुद्धिबळ, 'द्धि' ऱ्हस्व. निम्मं जग 'बुद्धीबळ' लिहितं, तेव्हा त्या नावाचं एक पुनर्निर्देशन करून ठेवा म्हणजे शोधणारा योग्य पानावर येईल. पण शीर्षकात चूक नको. शीर्षक मागाहून बदललं की त्याखालची सगळी उपपानं हलवत बसावं लागतं.

मोहऱ्यांच्या नावांत मराठी सुखी आहे: राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादं. तरी दोन खड्डे आहेत. वजीर मराठीत पुल्लिंगी. इंग्रजीतून शिकलेला स्वयंसेवक नकळत 'ती एच५ वर येते' (एच ही उभी पट्टी, ५ ही आडवी रांग) असं लिहून जातो, आणि वाचणारं पोर ही कोण म्हणून मागची ओळ शोधत बसतं. दुसरा खड्डा शेजारच्या भाषांचा. बंगालीत आपला हत्ती म्हणजे नौका, आणि गज म्हणजे आपला उंट. बंगाली मजकुराच्या आधाराने कुणी मराठी पान करत असेल तर पटावर भलतंच मोहरं उभं राहील.

'चाल' आणि 'खेळी' यांची आम्ही फारकत केली. घोड्याची चाल म्हणजे त्याची चालण्याची पद्धत. खेळी म्हणजे एका खेळाडूने एकदा केलेली हालचाल. बोलताना आपण दोन्ही सरमिसळ वापरतो, पण 'चाल बदलली' या वाक्याचे पुस्तकात दोन अर्थ निघता कामा नयेत. पटाच्या बाबतीत 'घर', 'उभी पट्टी', 'आडवी रांग', 'तिरपी रेघ' हे शब्द घेतले. 'स्तंभ', 'कर्ण' सुचवणारे होते. मी विरोधात मत दिलं, आणि अजूनही देईन. एवढ्यावर शाळेतली भूमिती कशाला आणायची?

बळी, बढती, अदलाबदल, बरोबरी हे शब्द रुळलेले आहेत. कॅसलिंगला कुणी किल्लेकोट म्हणतं, कुणी कॅसलिंगच. पिन, फोर्क (दुहेरी हल्ला), स्टेलमेट हे क्लबात, स्पर्धेत, यूट्यूबवर असेच ऐकू येतात. आमचा नियम असा: स्पर्धेच्या हॉलमध्ये मूल जो शब्द ऐकेल तो पुस्तकात हवा, आणि तो पहिल्यांदा येतो तिथे त्याचा साधा मराठी अर्थ वाक्यातच हवा. 'पिन झालेला घोडा, म्हणजे हलला तर मागचा राजा उघडा पडेल असा जखडलेला घोडा.' नवे संस्कृत शब्द घडवायची हौस असेल तर ती चर्चापानावर भागवावी.

'अडीच घरं' हा मात्र खरा पेच होता. उंट तिरपा, हत्ती सरळ, घोडा अडीच घरं, हे आपण सगळे असंच शिकलो. आमच्या पहिल्या मसुद्यात तेच होतं. एका चौथीतल्या मुलीने पान वाचलं आणि विचारलं, "अर्धं घर कुठंय?" गटातल्या कुणालाच धड उत्तर देता आलं नाही. आता पानावर असं आहे: दोन घरं सरळ, मग एक घर बाजूला, आणि मधल्या मोहऱ्यांवरून उडी. खाली एक ओळ: 'आजोबा याला अडीच घरं म्हणतात.' शब्दही राहिला, गोंधळही गेला.

ठरलेल्या शब्दांचं एक वेगळं पान करा आणि प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला ते पहिल्या दिवशी वाचायला लावा. नाहीतर सहा महिन्यांनी एकाच पुस्तकात प्यादं, प्यादा, शिपाई आणि सैनिक असे चौघे नांदताना दिसतील.

## आजोबांचे नियम

मराठी पुस्तकात एक प्रकरण इंग्रजी पुस्तकात नसलेलं लागतं: देशी पद्धत. अनेक घरांत अजून प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालतं, राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते, शेवटच्या रांगेत पोचलेलं प्यादं ज्या पट्टीत पोचलं तिथलंच मोहरं होतं. हे नियम खेळून आलेलं मूल स्पर्धेत बसलं की पहिल्या डावात रडतं. 'तुझे आजोबा चुकीचं खेळतात' असं पुस्तकाने म्हणू नये, तो वेगळा, जुना खेळ आहे. पंजाबातला मीर सुलतान खान याच पद्धतीत वाढला, पाश्चात्त्य नियम मागाहून शिकला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला.

याचा एक धागा वर्तमानात येतो. 'एकदा शह बसला की कॅसलिंगचा हक्क जातो' हा गैरसमज आमच्याच एका स्वयंसेवकाने नियम म्हणून लिहिला होता. देशी पद्धतीत शह बसलेल्या राजाची उडी जाते, तिथूनच हा समज आला असावा, असं मला वाटतं. खरा नियम असा: राजा किंवा तो हत्ती आधी हललेला नको, मधली घरं मोकळी हवीत, राजाला या घडीला शह नको, आणि राजा ज्या घरावरून जातो व जिथे थांबतो त्यांवर हल्ला नको. आधी शह बसून गेला असेल तर चालतं. हत्तीवर हल्ला असेल तरी चालतं. नियमांची पानं आठवणीतून लिहू नका, फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, नियम उघडून समोर ठेवा.

## खेळ्या लिहायच्या कशा

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, आणि यावर दोन आठवडे गेले तरी वाईट वाटून घेऊ नका.

फिडेच्या नियमांनुसार खेळाडूला मोहऱ्यांची आद्याक्षरं आपल्या भाषेतली वापरता येतात, छापील मजकुरात चित्रमोहरे, म्हणजे मोहऱ्यांची छोटी चित्रं, वापरावेत अशी शिफारस आहे. तेव्हा रा, व, ह, उं, घो लिहायला आडकाठी नाही. इंग्रजीत राजा आणि घोडा दोघांचं आद्याक्षर एकच असल्यामुळे घोड्याला 'एन'वर भागवावं लागतं, मराठीत तीही अडचण नाही.

अडचण वेगळीच आहे. इंग्रजी लेखनात उंटाचं (बिशपचं) 'बी' मोठ्या लिपीत आणि पट्टीचं 'बी' लहान लिपीत असतं. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही. 'बी५' म्हणजे त्या घरावर गेलेलं प्यादं, की उंट? म्हणून देवनागरीत लिहायचं तर मोहऱ्याचं नाव मराठीच हवं: 'उंट बी५', 'घोडा एफ३'.

आमची तडजोड अशी. समजावणाऱ्या वाक्यांत देवनागरी, आणि पहिल्या तीन प्रकरणांत मोहऱ्याचं पूर्ण नाव. पूर्ण डाव द्यायचा असेल तिथे आंतरराष्ट्रीय रोमन लेखन, कारण मुलाच्या पटावर कडेला तीच अक्षरं छापलेली असतात, स्पर्धेच्या स्कोअरशीटवर त्याला तेच वाचता यावं लागतं, आणि १९९३ पासून रूढ असलेल्या पीजीएन या फाइलपद्धतीला तीच अक्षरं कळतात. मराठी आद्याक्षरांत लिहिलेला डाव सॉफ्टवेअरमध्ये सहसा उघडत नाही.

चित्रमोहरे सुंदर दिसतात. पण काळ्या प्याद्याचं युनिकोड चिन्ह कित्येक फोनवर इमोजी म्हणून उमटतं, बाकीचे मोहरे बारीक रेघांचे आणि मधेच एक गुबगुबीत प्यादं. आम्ही वाक्यांतून चित्रमोहरे काढून टाकले.

## एका पानावर एकच गोष्ट

पानाचा साचा सगळ्यांना सारखा द्या: एक कल्पना, एक आकृती, तीच कल्पना चुकते अशी दुसरी आकृती, मग चार ते सहा कोडी. मधली 'चुकते अशी' आकृती बहुतेक जण विसरतात, आणि शिकवणारी तीच असते.

मागच्या रांगेवरची मात घ्या. पांढऱ्याचा राजा जी१ वर, हत्ती ई१ वर, प्यादी एफ२, जी२, एच२. काळ्याचा राजा जी८ वर, हत्ती बी२ वर, प्यादी एफ७, जी७, एच७. खेळी पांढऱ्याची. हत्ती ई८ वर गेला की मात: राजापुढे त्याचीच तीन प्यादी भिंत होऊन उभी आहेत, आणि काळा हत्ती एफ८ वर मधे येऊ शकत नाही. आता दुसरी आकृती. सगळं तसंच, फक्त काळ्याचं प्यादं एच७ ऐवजी एच६ वर. हत्ती ई८, शह, आणि राजा एच७ वर निसटला. एका प्याद्याच्या एका घराने मात गेली. 'राजाला खिडकी हवी' हे वाक्य मग लिहावं लागत नाही, मूल स्वतःच म्हणतं.

कोडी करताना उत्तर एकच आहे ना, हे पाहा. याच आकृतीत एका स्वयंसेवकाने पट भरलेला दिसावा म्हणून डी१ वर आणखी एक पांढरा हत्ती ठेवला होता. झालं, हत्ती डी८ हीसुद्धा मात. ज्या मुलाला दुसरं उत्तर सापडलं त्याला पुस्तक 'चूक' म्हणालं. पुस्तकावरचा विश्वास असा एका कोड्यात जातो.

कोडी हवीत तर लायचेस या मोफत बुद्धिबळ-संकेतस्थळाचा कोड्यांचा संग्रह सीसी-झिरो अटीवर, म्हणजे कसलंही बंधन न ठेवता खुला केलेला आहे. लाखो कोडी आहेत, विषयवार खुणा केलेली. त्यातून निवडा. स्वतः रचायचा मोह नवशिक्या लेखकाने आवरावा.

## आकृत्या

विकीवर पट काढण्यासाठी साचा असतो: आठ रांगा, प्रत्येक घरात दोन अक्षरांचा संकेत, पहिलं मोहऱ्याचं इंग्रजी आद्याक्षर, दुसरं रंगाचं. तुमच्या प्रकल्पावर तो साचा नसेल तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांनी बोलायच्या पानावर, विनंती करून प्रचालकांकडून आयात करून घ्या. हाताने नकलून आणलात तर संपादनाच्या सारांशात कुठून आणला ते लिहा. पटाचे स्क्रीनशॉट चढवू नका. एक मोहरं चुकलं तर चित्र कुणालाच दुरुस्त करता येत नाही, साचा मात्र कुणीही दुरुस्त करू शकतो, आणि अनेक हातांनी चाललेल्या कामात ते जास्त मोलाचं.

प्रत्येक आकृतीखाली दोन गोष्टी सक्तीच्या. एक, एफईएन ओळ: पटाची स्थिती, कुणाची पाळी, कॅसलिंगचे हक्क, आँ पासाँचं (दोन घरं पुढे आलेलं प्यादं जाता जाता मारण्याचं) घर आणि खेळ्यांचे दोन आकडे, एवढं सगळं एका ओळीत सांगणारी. ती असली की तपासणारा ती उचलून थेट इंजिनात, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये, टाकतो, मोहरे मांडत बसावं लागत नाही.

दोन, मराठीत स्पष्ट वाक्य: 'खेळी पांढऱ्याची' किंवा 'खेळी काळ्याची'. हे किती महत्त्वाचं, त्याचा नमुना. पांढऱ्याचा राजा ई५, प्यादं ई४, काळ्याचा राजा ई७. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. खेळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी. पटावर एक कणही बदललेला नाही. आमच्या पानावर महिनाभर ही आकृती पाळी न सांगता होती आणि खाली लिहिलेलं होतं, 'पांढरा सहज जिंकतो.'

अजून एक झटपट तपासणी: एच१ हे पांढऱ्याच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर फिकं दिसतंय ना? दिसत नसेल तर पट आडवा पडलाय.

## तपासणी तिघांकडून

पहिला तपासणारा इंजिन. स्टॉकफिश फुकट आहे, लायचेसच्या विश्लेषणाच्या पानावर ब्राउझरमध्येच चालतं. सात किंवा कमी मोहरे उरलेल्या शेवटांसाठी तर टेबलबेस, म्हणजे आधीच मोजून ठेवलेल्या निकालांचा साठा, आहे, तिथे अंदाज नाही, पक्का निकाल मिळतो. 'ही स्थिती बरोबरीची आहे' असं कुठलंही वाक्य टेबलबेसमध्ये पाहिल्याशिवाय पुस्तकात जाऊ देऊ नका, लिहिणारा कितीही रेटिंगचा असो. मात्र इंजिनाचा आकडा पानावर आणू नका. 'पांढरा ०.४ने वरचढ' यातून दहा वर्षांच्या मुलाला काहीही मिळत नाही.

दुसरा तपासणारा गटातलाच, पण त्या प्रकरणाचा लेखक नसलेला. त्याने पट मांडून पान वाचायचं, स्क्रीनवर नाही. खेळ्यांचे क्रमांक घसरलेले, डावा-उजवा उलटा झालेला, हे पट मांडल्यावरच सापडतं.

तिसरा तपासणारा मूल. त्याच्याशेजारी बसा आणि गप्प राहा. अवघड काम गप्प राहण्याचं आहे. ते जिथे थांबतं, मागे जातं, किंवा मोहरं उचलून परत ठेवतं, तिथे पानात काहीतरी कमी आहे. ओळ क्रमांक टिपून ठेवा, समजावून सांगू नका. तुम्ही काही पुस्तकासोबत प्रत्येकाच्या घरी जाणार नाही.

## एक डाव कसा समजावायचा

नमुन्याच्या डावांत १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरात अमेरिकेच्या पॉल मॉर्फीने ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध खेळलेला डाव ठेवाच. सतरा खेळ्यांत संपतो, आणि मोहरे लवकर बाहेर काढणं, पिन, वजिराच्या बाजूचं कॅसलिंग, बळी, शेवटी हत्ती-उंटाची मात, एवढं सगळं त्यात येतं.

पण या डावावरचं आमचं पहिलं पान वाचवत नव्हतं. प्रत्येक खेळीला 'उत्तम!', 'अप्रतिम!' आणि आठव्या खेळीला 'मॉर्फी प्याद्याच्या मोहात पडत नाही' एवढंच. कुठलं प्यादं? मोह कसला? त्याऐवजी आता असं आहे:

'सातव्या खेळीला पांढऱ्याचा वजीर बी३ वर आला. आता दोन प्यादी धोक्यात: एफ७ आणि बी७. काळ्याने वजीर ई७ वर आणून एफ७ वाचवलं, बी७ सोडून दिलं. तू पांढरा असतास तर बी७ मारलं असतंस का? मारून पाहा. मग काळा वजीर बी४ वर येऊन शह देतो, आणि वजिरांची अदलाबदल होते. पांढऱ्याला एक प्यादं मिळतं, पण हल्ला संपतो. मॉर्फीने प्यादं सोडलं आणि घोडा सी३ वर काढला.'

यात 'अप्रतिम' कुठेही नाही. वाचणाऱ्याला मोहरं हलवायला लावलंय. डाव समजावणाऱ्या प्रत्येक पानावर अशा तीनच जागा निवडा, बाकीच्या खेळ्या नुसत्या द्या.

मराठी वाचकाला जवळचे डावही हवेत. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत ग्रँडमास्टर किताब मिळवला. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या पालकांकडून मराठी पुस्तकाची विचारणा वाढली. असे डाव ठेवा, पण शेवटच्या प्रकरणात. आजच्या ग्रँडमास्टरांचे डाव नवशिक्याला मॉर्फीच्या डावासारखे उलगडत नाहीत, कारण दोन्ही बाजू चांगल्या खेळतात.

## ओपनिंगला कुंपण

ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची, पानं तणासारखी वाढतात. इंग्रजी विकिबुक्सने यावर चांगला तोडगा काढला: बुद्धिबळाचं पाठ्यपुस्तक वेगळं आणि ओपनिंगचं पुस्तक वेगळं. दुसऱ्यात प्रत्येक खेळीला स्वतंत्र उपपान, त्याच्या पोटात उत्तराच्या खेळीचं उपपान, अशा फांद्या फुटत जातात. कुणी अनोळखी माणूसही येऊन एक फांदी लावून जाऊ शकतो, बाकी झाडाला धक्का लागत नाही. तिथेही कितीतरी फांद्यांच्या टोकाला दोन ओळींचीच पानं आहेत, आणि ते साहजिक आहे.

या रचनेचा एक ठरलेला त्रास: वेगळ्या क्रमाने खेळूनही तीच स्थिती येते. डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, आणि सी४ ई६, घोडा सी३ डी५, डी४ घोडा एफ६, दोन्हींनंतर पट एकच. मग दोन पानं तयार होतात, दोघांवर दोघे लिहितात, आणि मतं जुळत नाहीत. एक पान खरं माना, दुसरं त्यावर वळवा, आणि हे ठरवण्याचं काम एकाच माणसाकडे द्या.

मूळ पुस्तकात आम्ही ओपनिंगला एकच प्रकरण दिलं: मध्य, मोहरे बाहेर, राजा सुरक्षित. तीन पानं. ज्यांना सिसिलियन लिहायचं होतं त्यांना वेगळं अंगण मिळालं, आणि तेही खूश.

## कुणाचं काय घेता येतं

विकिबुक्सवर लिहिलेलं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या आणि त्याच अटीवर पुढे द्या' या परवान्याखाली जातं. उद्या कुणी ते छापून विकू शकतं. हे गटातल्या प्रत्येकाला आधीच सांगा. आमच्यातल्या एकाला हे चार महिन्यांनी कळलं आणि तो दुखावून गेला, चूक आमची होती.

खेळलेल्या डावाच्या खेळ्या ही वस्तुस्थिती असते. २०१६ च्या कार्लसन–कार्याकिन या जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्याआधी आयोजकांनी इतर संकेतस्थळांना खेळ्या थेट दाखवण्यापासून रोखायला न्यूयॉर्कच्या न्यायालयात धाव घेतली होती, न्यायालयाने ती मनाई दिली नाही. खेळ्या घ्या. पण त्यांवरचं विवेचन हे लिहिणाऱ्याचं असतं, ते उचलायचं नाही, भाषांतर करूनही नाही. 'अव्यावसायिक वापरासाठी मोफत' असं लिहिलेला मजकूरही इथे बसत नाही, कारण आपला परवाना व्यवसायाला मोकळीक देतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. माजी जगज्जेता कापाब्लांका १९४२ मध्ये गेला, तेव्हा त्याचं स्वतःचं लेखन इथे खुलं आहे, पण कालपरवाच्या संपादकाने त्यात घातलेल्या टिपा खुल्या नाहीत.

## माणसं

मराठी विकिप्रकल्पांवर सराव करायच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात आणि सगळ्यांनी बोलायच्या जागेला 'चावडी'. नावं नुसती गोड नाहीत, तशीच वापरा. नवा माणूस आला की त्याला थेट प्रकरण देऊ नका, धूळपाटीवर एक आकृती काढायला सांगा. देवनागरी टंकन येत नसेल तर विकीच्या संपादनचौकटीत कंट्रोल आणि एम दाबून मराठी अक्षरांतरण चालू होतं, निम्मे लोक या एका माहितीने टिकतात.

कामं लहान ठेवा. 'एंडगेमचं प्रकरण लिहा' यावर कुणी हात वर करत नाही. 'या चार आकृत्यांना कुणाची पाळी ते लिहा' यावर रात्री अकरा वाजताही कुणीतरी करून टाकतं. दर रविवारी अशा दहा कामांची यादी चर्चापानावर टाकायची जबाबदारी आळीपाळीने घ्या.

व्हॉट्सअॅपच्या गटावर घेतलेला निर्णय हा निर्णय नाही, असं पहिल्याच दिवशी ठरवा. तिथे गप्पा मारा, पण जे ठरलं ते पानाच्या चर्चेत लिहा. नाहीतर वर्षभराने आलेला स्वयंसेवक घोड्याच्या पानावरची 'अडीच घरं'वाली ओळ पाहून ती सुधारायला बसतो, आणि का बदलली होती हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

कुणाचं वाक्य उलटवाल तेव्हा सारांशात कारण लिहा, दोनच शब्द असले तरी. कारण न देता उलटवलेल्या एका स्वल्पविरामावरून आमचे दोन चांगले लेखक आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. दोघेही जिल्ह्याचे माजी विजेते. शेवटी मीच तो स्वल्पविराम काढून वाक्याचे दोन तुकडे केले.

पाच-सहा प्रकरणं झाली की ती छापून काढा, आणि जवळच्या एखाद्या शालेय स्पर्धेच्या दिवशी हॉलबाहेर टेबलावर ठेवा, शेजारी पेन्सिल बांधून. दोन फेऱ्यांमध्ये मुलांना अर्धा तास काहीच करायचं नसतं. आमची प्रत संध्याकाळी परत आली तेव्हा घोड्याच्या पानावर कुणीतरी आठही घरं गिरवली होती, एक कोडं खोडून शेजारी 'याला दोन उत्तरं' असं लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं.